वरची रांग

१० नोव्हें., सोम.
संध्याकाळी पुन्हा तेच. जालन्याहून येणारी नेटची लाइन एकच, आष्टीत माझी गिऱ्हाइकं वाढतच चाललीत, आणि जेवायच्या वेळेला प्रत्येकाला सिनेमा पाहिजे. राउटरमध्ये रांगा लावल्यात. बोलणं, व्हिडिओ कॉल वर, त्यांना नेट आधी. सिनेमे, डाउनलोड खाली. पण आज पाव्हणा, उद्या वर्गमित्र: "आमचं सगळंच जरा वर घे की." मला नाही म्हणता येत नाही. वरच्या रांगेच्याही वर एक रांग काढून झाली, तीही भरली. वैताग आलाय.

१२, बुध.
वाघमारे सरांची प्राजक्ता आली होती. सोमवारी तिची पीएच.डी.च्या जागेसाठी मुलाखत, घरूनच, व्हिडिओवर. नंबर शेवटचा, म्हणजे संध्याकाळच. "दादा, नेट बराबर राहील ना? तुटलं तर ते परत न्हाई बोलवायचे." बिलकुल, म्हटलं. बोलून तर बसलो.

१३, गुरु.
तिच्या घरून व्हिडिओ कॉल करून पाहिला. आवाज तुकड्या-तुकड्यांनी. ती वरच्या रांगेत आहे, पण तिथं अख्खा गाव आहे. बायको म्हणाली, "सगळेच पहिल्या पंगतीला बसवले, मंग वाढायचं कुणी?" तिला बोलायला काय जातंय. त्या पंगतीत पहिले माझे मामा, आणि गावाला नेट पुरवणारी आपली अँटेना त्यांच्याच गच्चीवर.

१५, शनि.
काढले सगळे खाली. वर फक्त दवाखाना आणि प्राजक्ता. लगेच फोन सुरू. मामा: "माझ्या गच्चीवर अँटेना, आन मलाच खाली टाकून राह्यला का तू?" सोमवारपर्यंतच, म्हटलं. कारण सांगितलं. तर म्हणे, "वाघमारेची पोरगी माझ्या आधी?" त्या 'आधी'चा फार राग आला. फोन ठेवून दिला.

१७, सोम.
मामांनी अँटेनाचा प्लग काढला तर? शेवटी त्यांच्याच घरी जाऊन बसलो. चहा आला. टीव्हीवर त्यांची मालिका अडखळत होती. ते माझ्याकडे बघत होते, मी मोबाइलवर लाइन बघत होतो. प्लग राहिला जागेवर.

मुलाखत संपल्यावर तिथून प्राजक्ताकडे. "दादा, एक शब्द न्हाई तुटला." मग हळूच, "शेवटच्या प्रश्नाला मीच अडकले." सर म्हणाले, निकाल यायचाय, आत्तापासून तोंड कशाला पाडायचं.

घरी पोचतो तोच मामांचा फोन. "झालं ना तिचं? घे मंग वर."

बघतो, म्हणालो. 'हो' तोंडातून निघालंच नाही. त्यांनी फोन ठेवला. नेट अजून चालू आहे, म्हणजे प्लग जागेवर आहे.