शहापूरच्या अकरा खेपा

प्रिय हनुमान,

नाव घेऊन लिहिलंय, वाच. आपल्या पाड्यावर कुठली बायको नवऱ्याचं नाव घेते? तुझे बाबा जाऊन नऊ वर्षं झाली तरी आई अजून त्यांना ‘ह्याचा बाप’ म्हणते. पण आज मी एवढी तापलेय की नाव घेतल्याशिवाय बोलताच येणार नाही. फोन केला की तू कापतोस. दिपिकाच्या फोनवर केला की ती बिचारी म्हणते, वहिनी, दादा झोपलाय. सकाळी दहाला झोपलाय, दुपारी चारला झोपलाय, संध्याकाळी दिवे लागले तरी झोपलाय. बहिणीला खोटं बोलायला लावतोस, लाज वाटत नाही? म्हणून हे पत्र. आता ऐकून घे, मध्ये बोलू नकोस.

भिवंडीच्या गोडाऊनमध्ये तू रॅकवरून पडलास त्याला आठ महिने झाले. पाय परत चालणार नाहीत हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी तुझ्या शेजारीच होते, दोघांनी एकदमच ऐकलं. तेव्हा तू रडलास, मी रडले, ते झालं. पण दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात तू छताकडे बघत मला विचारलंस, घरी गेल्यावर मला परसाकडे कोण नेणार? मी म्हटलं, मी नेईन. तू म्हणालास, उचलून? रानात? सगळ्या पाड्यासमोर? आणि त्यानंतर तू तोंडच मिटलंस. सुट्टी मिळाली तर घरी न येता वासिंदला बहिणीकडे गेलास. लोकांना सांगितलंस तिथून डॉक्टर जवळ पडतात. मला माहितेय कशाला गेलास ते. अरे, पण तुझा प्रश्न काय होता? संडास-मोरीचा होता. तो बांधून सुटतो. म्हणून मी बांधायला घेतलं, आणि तुला कळवत होते रोज, पण तू झोपलेला होतास ना!

आपला सरकारी संडास तुला माहीतच आहे. त्यात आपण सरपण भरून ठेवलं होतं. दार दोन फुटी, आत उकिडवं बसायचं, तो तुझ्या काय कामाचा? पण त्याचा खड्डा चांगला होता. आपले गवंडी मालूकाका म्हणाले, खड्डा हाय तं निम्मा काम झाला, घराच्या मागच्या भिंतीला लागून मोरी काढू, आतून दार देऊ. मला वाटलं आठ दिवसांत होईल. मला काय ठाऊक, मालूकाकांची मापं बोटांत असतात! त्यांनी सांगितलं, चार बोटं पाईप आन. मी डोळखांबला विचारलं, तिथे नव्हता. जीपने शहापूरला गेले, दुकानात काउंटरवर माझी चार बोटं जोडून दाखवली, त्यांनी माझ्या बोटांच्या मापाने पाईप दिला. दहा फुटी पाईप जीपच्या टपावर बांधून आणला, रस्त्यापासून पाड्यापर्यंत खांद्यावर आणला. काकांनी बघितला आणि आपला पंजा पुढे केला. त्यांची चार बोटं म्हणजे माझी सहा. आयुष्यभर कुऱ्हाड आणि थापी धरलेली बोटं ती. मी एवढी चिडले की तो पाईप तिथेच आपटला. आई म्हणाली, त्याला कशाला मारतेस गो, त्याचा काय गुन्हा? दुसऱ्या दिवशी तोच पाईप परत टपावर.

मग कमोड. मांडीवर कमोड घेऊन शहापूर ते डोळखांब जीपमध्ये बसून बघ एकदा, मग मला सांग लाज म्हणजे काय. खोका फाटलेला, अर्धा कमोड बाहेर. समोर एक म्हातारी बसली होती, तिने विचारलं, गो, ह्ये काय? मी म्हटलं, खुर्ची. ती म्हणाली, मंग तिला भोक कशाला? सगळी जीप हसली. ड्रायव्हर तर वळणावर हसत होता, मला वाटलं आता सगळ्यांना दरीत नेतो. मीही हसले रे, हसायलाच आलं. पण घरी आणला तर काका म्हणाले, ह्याचा पानी तलातून जातो, आपल्याकडं खाली कातळ हाय, आपल्याला मागून भिंतीतून जानारा पायजे. म्हणजे परत तीच जीप, तोच कमोड आणि तीच मांडी. आता डोळखांबच्या नाक्यावर मला कमोडवाली म्हणतात. तुझी बायको कमोडवाली म्हणून ओळखली जाते आणि तू तिकडे लाजून झोपलायस!

दुकानात काय होतं तेही ऐक. पुरुष गिऱ्हाईक आलं की त्याला आधी, मग मला. मी बाजूला उभी, हातात जुना नट नमुन्याला. पाचव्या का सहाव्या खेपेला मी धरून उठायला भिंतीला लावायच्या दांड्याचे स्क्रू बदलायला गेले. विटेत घुसवले होते, हात टेकला की विटेच्या भुग्यासकट बाहेर. शेठ सगळ्यांसमोर म्हणाला, बाई, घरात गडी माणूस नाय का? त्याला पाठव ना, दर दोन दिवसांनी येऊन आमचं डोकं नको खाऊ. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, आहे. गडी माणूस आहे. त्याचे पाय गेलेत, त्याला स्वतःच्या हाताने संडासला जाता यावं म्हणून मी तुमच्या दुकानाचा उंबरा झिजवतेय, आता बोला. शेठने मान खाली घातली आणि स्वतः उठून मला स्टूल दिलं. तिथे दिपेश म्हणून कामाला आहे, त्याने खोक्याच्या पुठ्ठ्यावर चित्र काढून दिलं, कुठला फास्टनर, किती इंच भोक, दांडा कसा बसतो. त्या दिवसापासून मी गेले की शेठ आधी विचारतो, बसायची उंची किती ठेवली? परक्या माणसाला तुझ्या बसायची उंची पाठ झाली, हनुमान. तुला माहीत आहे का ती?

नाही ना? मग मला कशी कळली ते सांगते. काकांनी दांडा लावला तो आपल्या छातीच्या उंचीवर. उभ्या माणसाला दुसरं सुचत नाही, त्यांचा दोष नाही. मी म्हटलं, बसून लागतो दांडा. ते म्हणाले, मंग किती वर सांग. मला कुठे माहीत? एका दुपारी आई रानात गेली होती. मी दार लावून घेतलं आणि आईच्या जुन्या लुगड्याने माझे दोन्ही पाय मांडीपासून घोट्यापर्यंत आवळून बांधले. खाटेवरून खुर्चीवर, खुर्चीवरून कमोडवर, नुसत्या हातांनी जायचं असं ठरवलं. तीन वेळा पडले. एकदा हनुवटी फुटली, अजून खूण आहे. मोरीच्या ओल्या फरशीवर पडून राहिले आणि तेव्हा मला कळलं तुला काय वाटत असेल. मी खूप रडले. तुझी कीव येऊन नाही, ते डोक्यातून काढ. मला राग आला, की हे सगळं तुला एकट्याला होतंय आणि तू मला बघूही देत नाहीस. मग परत उठले. चौथ्या वेळी जमलं. बसल्यावर हाताचं कोपर जिथे येतं त्याच्या वीतभर वर मी खडूने रेघ मारली. दांडा आता त्या रेघेवर आहे. तुझे हात माझ्या दुप्पट आहेत. मला जमलं तर तुला न जमायला काय झालं?

मधल्या खेपा आता नीट आठवतही नाहीत. कधी नळाचा वायसर, कधी पांढरं सिमेंट, एकदा तर नुसत्या बिजागऱ्या, कारण मी डाव्या-उजव्याच्या गोंधळात दोन्ही एकाच हाताच्या आणल्या होत्या. पुढचं दार काढून साडेतीन फुटी सिमेंटची चौकट बसवली, दारापुढे उतार केला, वाटेवर मुरूम टाकून शेजारच्या सावळीने आणि तानीने माझ्याबरोबर चोपला. सगळं झालं असं वाटलं त्या दिवशी मी आश्रमशाळेच्या बाईंकडून त्यांच्या सासऱ्यांची चाकाची खुर्ची मागून आणली. अर्धा पाडा बघायला जमला. मी खुर्चीत बसले, हातांनी चाकं फिरवत वाटेवरून आले, उतार चढले, दारात गेले आणि खट्ट करून थांबले. बघते तर उंबरा! चांगला चार बोटं उंच, हळदीकुंकू लावलेला.

अरे, पंधरा दिवस आम्ही सगळे त्या दारातून ये-जा करत होतो. काकांनी तो बसवला, आईने पुजला, मी रोज त्यावरून विटा नेल्या, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही! पायाला सवय, पाय आपोआप उचलतो. मी खुर्चीत बसूनच काकांवर ओरडले. एवढी ओरडले की बाईंच्या सासऱ्यांची खुर्ची हादरली. काका पण पेटले. म्हणाले, बिनउंबऱ्याचा घर नसतो, तो गोठा, साप-किरडू शिरंल, पावसाचा पानी शिरंल, घरची लक्ष्मी भायेर जाईल, मी नाय काढणार. सगळे त्यांच्या बाजूने. मला वाटलं आता संपलं. तर आई उठली. मागे गेली, पहार घेऊन आली. उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला आणि पहिला घाव तिनेच घातला. काका म्हणाले, भिमे, येडी झालीस का? तर म्हणाली, माझा पोर भायेर ऱ्हायला तं ह्याला पूजून मी काय करू? सत्तरीची बाई, पण पहार खाली ठेवेना. शेवटी काकांनीच तिच्या हातातून घेतली आणि उरलेला फोडला. रडत फोडला त्यांनी. पाणी आणि किरडू येऊ नये म्हणून दाराच्या खाली रबराची पट्टी लागते, ती आणायला गेले ती माझी अकरावी खेप. तिच्यावरून चाक जातं, मी बसून बघितलंय.

हे सगळं तुला फोनवर सांगणार होते. हसत सांगणार होते. आज सकाळी दाराची ती पट्टी ठोकून, चाक नेऊन बघून मी नुकतीच उठले होते, तेव्हा टोकावड्याहून माझे बाबा आले, भाड्याची गाडी घेऊन. पाणी दिलं तर प्यायले नाहीत. मान खाली घालून बसले आणि म्हणाले, जावयाचा फोन आला होता. माझा फोन तू उचलत नाहीस आणि माझ्या बापाला फोन करतोस! काय सांगितलंस त्यांना? पोरीला घेऊन जा, तिचं वय आहे, दुसरीकडे द्या, मी पंचांसमोर मोकळी करून देतो. मोकळी? मी काय गोठ्यातली शेळी आहे, तू सोडायची आणि दुसऱ्याने बांधायची? माझ्या वतीने ठरवणारा तू कोण रे? पाय गेले तुझे, अक्कल कुठे ठेवलीस? मी बाबांना उठवलं. हाताला धरून मोरीत नेलं. ते कमोडवर बसले, दांडा धरून उठले, परत बसले, भिंतीवरची खडूची रेघ बघितली. बाहेर येऊन त्यांनी पाणी मागितलं आणि म्हणाले, मंग गाडीत नेऊ कोनाला? म्हणून आई त्यांना भाकर वाढतेय तोवर मी हे घाईघाईने लिहिलं. तू बोलावलेली गाडी वासिंदला तुझ्या दारात उभी आहे, आणि हे पत्र ज्यांनी हातात दिलं ते माझे बाबा तुझ्यासमोर बसलेत. मी मुद्दाम येत नाहीये, नंतर म्हणायला नको की बायकोने ओढत आणलं. तुला यायचं नसेल तर त्यांच्या डोळ्यांत बघून सांग, फोनवर सांगितलंस तेच. गाडी रिकामी आली की मला कळेल. आणि यायचं असेल तर तोंडाने एक शब्द बोलायची गरज नाही. नुसते दोन्ही हात वर कर, ते उचलतील.

पंचांनी कितीही लिहून घेतलं तरी तुझीच,
रविना