बिनवासाचा फाया

अप्पा, तुमच्या कानातल्या फायाबद्दल विचारायचं राहून गेलं. दिवसा तुम्ही कोर्टात कारकून आणि नाटकाच्या दिवशी आळीतल्या हौशी मंडळाचे पडदेवाले. प्रयोगाला निघताना धुतलेला सदरा, टोपी आणि कानांत कापसाचा फाया, हे ठरलेलं. लग्नाकार्याला निघालेल्या इतर पुरुषांच्याही कानाला अत्तराचा फाया असायचा, पण तो एकाच कानाच्या वरच्या घडीत खोचलेला, आणि त्याचा वास पार दारापर्यंत यायचा. तुमचे मात्र दोन्ही कानांत, अगदी आत दाबलेले, आणि वास कसलाच नाही. स्वयंपाकघरात तुमचा डबा बांधता बांधता आई म्हणायची, "वास नसलेलं अत्तर कुठल्या दुकानात मिळतं हो?" तुम्ही चप्पल शोधत म्हणायचात, "भारी असतं ते. तुमच्या नाकाला नाही कळायचं." मला तो नेहमीचा विनोद वाटायचा.

तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी मला मुलगी झाली. ती सात वर्षांची असताना, अठ्ठ्याण्णवच्या सुमारास, मुंबईच्या डॉक्टरांनी ऑटिझम हा शब्द सांगितला. तो घेऊन आम्ही रत्नागिरीला परत आलो, पण इथे तो कुणाला ठाऊक नव्हता. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बोलेल गो. आमच्या भाच्यानं पाच वर्षं तोंड उघडलंन नव्हतं, आता गप्प बस म्हणून सांगावं लागतं." तुमची नात तहान लागली तर पाणी म्हणत नसे, पण मंडळाच्या नाटकाची कुणीतरी भरून घेतलेली कॅसेट तिला पहिल्या घंटेपासून पाठ होती. मधे एकदा प्रॉम्प्टर खोकतो, तो खोकलासुद्धा. तेव्हा मला वाटलं, हिला तेच नाटक दाखवू या.

आम्ही तिकिटं काढून मधल्या रांगेत बसलो. अंधार झाला, तिसरी घंटा झाली, ती हलली नाही. सगळा अंक ओठ हलवत बघत होती. मग पडदा पडला, टाळ्यांचा कडकडाट झाला आणि तिनं अशी किंकाळी फोडली की टाळ्याच थांबल्या. यांनी तिला उचललं, तर ती यांच्या मनगटाला चावली. मागच्या बाई म्हणाल्या, "अहो, अशा मुलीला आणायचं कशाला? आम्ही तिकीट काढून आलोय." मी म्हटलं, "तिचंही काढलंय." पण बाहेर जायचं होतं आम्हालाच. रिक्षात मनगटाला रुमाल बांधत हे म्हणाले, "बास झालं. घरी कॅसेट आहे. यापुढे लग्न नको, गणपती नको, काहीच नको." हे रागावले असते तर मी भांडले असते. पण हे शांतपणे बोलले, आणि मला भीती वाटली की हे आता असंच राहणार, तिचं सगळं आयुष्य आमच्या मधल्या खोलीत जाणार.

मग मी विचार करायला लागले. अंधाराला भ्यायली म्हणावं, तर दिवे गेले की ती खुशीत असते. टाळ्यांना भ्यायली म्हणावं, तर आरतीला सगळ्यांत जोरात टाळ्या तीच वाजवते. गर्दीला असेल. मी मंडळात गेले. तुमच्या हाताखाली दोर ओढायला शिकलेले दादा आता पडदा सांभाळतात. त्यांना म्हटलं, रंगीत तालमीला आणते तिला, तेव्हा लोक नसतात, फक्त खबरदारी म्हणून खुर्च्यांवरचे दिवेही पेटते ठेवा. "दिवे लावून कसली गो रंगीत तालीम?" ते म्हणाले. "पण अप्पांची नात ना, ठेवतो." सगळ्यांनी तिच्यासाठी सगळं केलं. नटांनी आवाजसुद्धा उतरवला. तिला ते अजिबात आवडलं नाही. आवाज कॅसेटसारखे नव्हते ना! आणि शेवटी रिकाम्या खुर्च्यांत बसलेल्या चार-पाच जणांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या आणि पुन्हा तीच किंकाळी.

घरी येताना मला तुमची विंग आठवली. मी उलट्या खोक्यावर बसलेली, तुम्ही दोराशी उभे. मी चुळबुळ केली की डोळे वटारून म्हणायचात, "इथे बसायचं तर दगड होऊन बस." पण अंक संपत आला की वाकून माझ्या कानाशी सांगायचात, "आता टाळी." दरवेळी सांगायचात. मला ते कळत नसे का? आरतीची टाळी कधी पडणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. नाटकाची टाळी अंगावर येते, एकदम, शंभर हातांनी आणि कसल्याही ठेक्याशिवाय.

मी पुन्हा दादांकडे गेले. "विंगेत? तिथे नट धावतात गो ताई."

"अप्पा मला बसवायचे."

"तू गप्प बसायचीस."

"तीही बसते. फक्त शेवट सोडून."

ते हसले आणि खोकं शोधायला गेले.

प्रयोगाला हे आत आले नाहीत. रिक्षा थांबवून बाहेरच उभे राहिले. ती खोक्यावर बसली आहे, नाटकाकडे बघतच नाही, दोराकडे बघते आहे. दादा धोतराला तळवे पुसतात आणि दोर धरतात. मी तिच्या कानाशी म्हणते, "आता टाळी." पडदा पडतो, टाळ्या होतात. इथे त्या पडद्यापलीकडून येतात, दुसऱ्या कुणाच्या घरातल्यासारख्या. ती दचकते, माझा पदर मुठीत धरते, पण ओरडत नाही. पुढच्या अंकाच्या शेवटी मी तोंड उघडायच्या आत तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले आहेत. दादांचे हात अजून धोतरालाच.

"दोर धरायच्या आधी कान झाकलेन!" दादा नंतर सगळ्यांना सांगत सुटले. "प्रॉम्प्टरला काढून टाका रे. खोकतो तरी फुकट."

बाहेर यांनी विचारलं, "ओरडली?" मी मान हलवली, नाही म्हणून. यांनी तिला रिक्षात बसवलं. मग आम्हाला पोचवायला आलेल्या दादांना म्हणाले, "पुढचा प्रयोग कधी आहे हो?"

आता ती मोठी झाली आहे. खोक्याच्या जागी मंडळानं स्टूल ठेवलं आहे. लग्नाला, गणपतीला ती आमच्याबरोबर असते, दोन्ही कानांत कापूस घालून. कुणी वाकून विचारलंच, कसलं अत्तर गो बाय, तर माझ्याकडून ऐकलेलं वाक्य माझ्याच सुरात म्हणते, "भारी असतं ते." लोक म्हणतात, अशा मुलांसाठी वेगळे प्रयोग करावेत. करावेत की. पण आधी त्या मुलाजवळ बसून ते कशाकडे बघतं ते बघावं, असं मला वाटतं.

आणि मग मी तुमच्याकडे वळते, अप्पा. इतकी वर्षं नाटकांत काढलीत, पण एकदाही समोर खुर्चीत बसला नाहीत. लग्नात वाजंत्री थांबली की मगच मांडवात यायचात. तो कापूस टाळ्यांसाठी होता का? "आता टाळी" हे मला सांगत होतात, की स्वतःला? तुम्ही सांगितलं असतंत की हसण्यावारी नेलं असतंत, तेही मला ठाऊक नाही.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून एक सांगते. परवा लग्नाला निघताना तिचे फाये वळले आणि आणखी दोन वळले. बँड सुरू झाल्यावर पदराआड माझ्या कानांत घातले. फार बरं वाटलं. यांना अजून सांगितलेलं नाही.