खारीची वेळवही

बोरीवली, १६ मार्च १९६९

ती. सगुणाताईस,
धाकट्या वनमालाचा सा. न. वि. वि.

मी आणि माझ्यासोबत खोलीत राहणाऱ्या नलिनीबाई, दोघी ठीक आहोत. आमच्या झरोक्यात खारीने काथ्या-कापसाचं घरटं केलंय. चार दिवसांपूर्वी तीन पिल्लं झाली, बोटाएवढी, उघडीनागडी. शाळेत शिकवून आले की मी घड्याळ घेऊन बसते आणि वहीत टिपते. आई बाहेर जाते ती दहा-बारा मिनिटं, की लगेच आत. तेवढ्या वेळातही माझा जीव खालीवर होतो.

म्हणूनच लिहिते. महादूभावोजी परवा भेटले. तू पुन्हा अंधेरीच्या बाजारात मासळी घेऊन बसणार म्हणाले. ताई, बाळ अजून दीड महिन्याचंही नाही! सहा महिने आईने बाळाला सोडू नये, असं मी पुस्तकात वाचलंय. खारीला कळतं ते तुला कळू नये? रागावू नकोस. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
वनमाला

*

वर्सोवा, २४ मार्च

चि. वनमालास,
ताईचे आशीर्वाद.

घरात बी. एस्सी. झालेली तू एकटी. तू लिहिलंस म्हणून मासळीची पाटी उलटी करून ठेवली. आता सकाळपासून तीनदा अंगण झाडते. बाळ दूध पिऊन झोपतं आणि मी पाळण्याभोवती येरझाऱ्या घालते. सासूबाय म्हणते, मी आहे ना पोराला बघायला, तू जा, नाहीतर जमीन झिजवशील.

माझ्या जागेवर गल्लीतली मंजुळा बसतेय. दोन दिवसांसाठी म्हणाली होती, आता मासळी मांडायला स्वतःची फळी घेऊन आली. हनुमान जयंतीपर्यंत मी गेले नाही तर जागा तिची, असं बाजारातल्या बायांचं ठरलंय. सासूबायने वीस वर्षं बसून ती जागा मला दिली. काय करू, तूच सांग. तुझी खार काय म्हणते? अजून घरातच बसलीय का बिचारी?

ताईला विसरू नको.
सगुणा

*

बोरीवली, ३० मार्च

ती. सगुणाताईस,
सा. न. वि. वि.

आज रविवार, दिवसभर नजर ठेवली. खार सकाळी गेली ती तासाभराने आली. पिल्लांना पाजलं, पुन्हा गेली, आणि दीड तास पत्ता नाही! मी स्टुलावर चढून घरट्याच्या तोंडाशी शेंगदाणे ठेवले, म्हणजे तिला बाहेर जायला नको. तिने दाणे खाल्ले आणि तरी गेली. शोधलं तर समोरच्या जांभळीच्या फांदीवर पोट टेकून, चारी पाय सोडून पसरलेली. खाणं नाही, काही नाही. नुसती पडलेली!

मी तिला निर्दय म्हणाले. नलिनीबाई हसल्या आणि म्हणाल्या, आधी पिल्लं तरी बघा. बघितली. गुबगुबीत झालीत, पाठीवर पट्टे दिसू लागलेत, एकमेकांच्या अंगावर गाढ झोपलेली.

ताई, मी पहिल्या चार दिवसांच्या नोंदी बघितल्या आणि तुझ्यासाठी सहा महिन्यांचा कायदा केला. पुस्तक लिहिणारा डॉक्टर बाजारात कधी बसला नसेल, आणि मीही बसले नाही. माझ्यामुळे तुझी जागा गेली तर मला ते सहन व्हायचं नाही. हनुमान जयंती बुधवारी आहे. पत्र वेळेत पोचेल की नाही, याच काळजीत आहे. मे महिन्यात सुटी लागली की बाळाला सांभाळायला येते. तोवर या शहाणीला पदरात घे.

तुझी,
वनमाला

*

वर्सोवा, ३ एप्रिल

चि. वनमालास,
आशीर्वाद.

तुझं पत्र काल दुपारी आलं. मी मंगळवारीच पाटी उचलली होती. तुझ्या पत्राची वाट बघत बसले असते तर जागेवर मंजुळाची नातवंडं बसली असती! मला बघून ती म्हणाली, काय गं, पोर एवढ्यात मोठं झालं? मी म्हटलं, पोर नाही, मी मोठी झाले, ऊठ. बाया हसल्या. तोंड वाकडं करून तिने फळी उचलली.

नऊ वाजता छाती दुधाने भरून आली, जीव घरी धावला. पण शेवटचा बोंबलांचा वाटा विकूनच उठले.

मे महिन्यात ये, पण घड्याळ आणू नको. आजचं मीच सांगते, वहीत लिही. बाहेर, पावणेसहा. आत, दहा. बाळ, झोपलेलं. आत जायच्या आधी ओट्यावर जरा पाठ टेकली, पाय सोडून. ते सासूबायला माहीत नाही. तुझ्या खारीला सांग.

तुझी,
सगुणाताई