वाऱ्याच्या बोगद्याचे आकडे

सांगली, ८ जानेवारी १९७४
विमानशास्त्राचं पहिलं प्रॅक्टिकल. वाऱ्याचा बोगदा म्हणजे लांबडा लाकडी खोका, आत लाकडी पंख, मागे फॅन. फॅनची मोटर जळालेली, त्यात उंदरांचा संसार. वासानं डोकं उठलं. सर म्हणाले, "रीडिंग्ज मागच्या बॅचच्या जर्नलमधून घ्या." कुणी हसलंसुद्धा नाही.

११ जाने.
मागच्या चार बॅचेसची जर्नल्स पाहिली. आकडे तेच. पंखाचा कोन वाढवला की उचल, म्हणजे हवेचा पंखाला वर ढकलणारा जोर, वाढते, पण एका कोनानंतर धाडकन पडते. पुस्तकात पहिल्याच धड्यात आहे. यांच्या आकड्यांत ती वाढतच जाते! पार्टनर चौगुले म्हणतो, "गड्या, आपल्याला काय इमान चालवायचंय? लिव की." किळस आली.

२० जाने.
सायकलवर मोटर लादून नेली, नव्या तारेचं वाइंडिंग करून आणली. चौगुल्यानं शिव्या देत देत मागून धरली. फॅन फिरला, पहिल्यांदा लेंड्या आणि धूळ तोंडावर. मग तीन तास आकडे घेतले. वेडेवाकडेच, पण सोळा अंशाला उचल पडली. चौगुलेसुद्धा ओरडला.

२४ जाने.
सरांनी आमच्या आकड्यांच्या पानावर लाल रेघ मारली. "चूक. पुन्हा लिहा." म्हटलं, सर, बोगदा चालू आहे, एकदा बघायला या. "मला शिकवू नकोस. सही नाही तर टर्म नाही."

उंब्रज, २७ जाने.
दादांना सगळं सांगितलं. हवाई दलात विमानं दुरुस्त करणारे फिटर होते, पोराला या नादाला लावलं ते त्यांनीच. वाटलं, सरांच्या नावानं खडे फोडतील. तर म्हणाले, "लिवून टाक की रं. आमीबी कवा कवा न बघताच सही मारायचो. इमान खोळंबून चालायचं न्हाई."
मी विचारलं, "सगळी विमानं परत आली?"
आई भाकरी वाढत होती. दादांनी ताट सरकवलं आणि गोठ्याकडं गेले. त्यांच्याकडं बघवत नाही.

सांगली, २ फेब्रु.
लिहिले. खोटेच. जुन्या जर्नलवरून, एकही खाडाखोड न करता. चौगुल्यानंही तेच. सरांनी न वाचता सही केली, वर "अक्षर छान आहे" म्हणाले. स्वतःचीच शिसारी आली.

९ एप्रिल
तोंडी परीक्षा. बाहेरचे परीक्षक, वयस्कर, जर्नल चाळताना थांबले. "कोन असाच वाढवत गेलात तर उचलीचं काय होतं?"
"पडते."
"मग इथं का नाही पडली?"
सर शेजारीच, खिडकीबाहेर बघत.
म्हणालो, "हे आकडे माझे नाहीत."
"मग कुणाचे?"
चौगुले दारात उभा, पुढचा नंबर त्याचा. परीक्षकांनी जर्नल मिटून स्वतःजवळ ठेवलं. "बाहेर थांबा."
चौगुले आत गेला, पाच मिनिटांत बाहेर आला, माझ्याकडं न बघता सायकल काढून गेला. मग सरांनी आतून कडी लावली. दीड तास झाला. शिपाई म्हणाला, "आजून दोघं बोलत्यात आत. बसा तुमी." बसलोय. पायरीवरच हे लिहितोय.