खोबऱ्या दसऱ्यापर्यंत उभा राहावा म्हणून

मी, विजयमाला लालासाहेब घार्गे, वय सहासष्ट, हायस्कुलातली निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका, राहणार विश्रामबाग, सांगली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. दडपण कोणाचंच नाही. उलट सकाळपासून मीच घरात कोणाला सुखाने बसू दिलेलं नाही.

१. विश्रामबागेतलं घर मुलगा शिवतेज याला. परसातला आंबा त्याने खुशाल तोडावा. माझे पती कै. लालासाहेब यांनी कडेगावच्या बांधावरल्या खोबऱ्या आंब्याची कोय तिथे हौसेने पुरली होती. कोयीतून तोच आंबा येत नाही, प्रत्येक कोय आपलं नशीब घेऊन उगवते, हे सांगून मी थकले. ऐकतील तर ना! पहिला पाड फोडला आणि घरभर टर्पेंटाइनचा वास सुटला.

२. दागिने आणि माझ्या परीक्षानळ्या नात शिवांजली हिला. दोन्ही वापरावं, कपाटात कोंडू नये.

३. माझे दिवस उन्हाळ्यात आले तर आमरसाचे आंबे गवताच्या अढीत पिकवलेले असावेत. कार्बाइडने सालीला रंग चढतो, पण आत वास तयार व्हायला फळाला सवडच मिळत नाही. तसला रस वाढलात तर पिंडाला कावळा शिवणार नाही, आधीच सांगून ठेवते.

४. आता मुख्य गोष्ट. माझे दीर नानासो कडेगावात शेती करतात. वाटणीत तो बांध त्यांच्याकडे गेला. बांधावर शेजारी-शेजारी दोन आंबे आहेत, एक शेप्या, एक खोबऱ्या. माती तीच, विहीर तीच, गोडीही जवळपास सारखीच. तरी शेप्या खाताना शेपूची भाजी आठवते आणि खोबऱ्या खाताना ओलं खोबरं. फरक आहे तो हवेत उडून जाणाऱ्या, कणभर द्रव्यांचा. शेप्यात टर्पिनं जास्त, ती शेपूतही असतात. खोबऱ्यात लॅक्टोनं, नारळाला वास येतो तो त्यांच्यामुळे. ती बनवायची कृती झाड जन्मतःच घेऊन येतं. माती-पाण्याने चव थोडी उणी-अधिक होईल, शेप्याचा खोबऱ्या होणार नाही.

नानासोंचा हेका एकच, चव पाण्याची. आमचा सांगलीचा आंबा बिघडला तर म्हणाले, सांगलीचं पाणीच मचूळ. आता कालवा येणार, ऊस लावायचा, आणि सावलीत ऊस पोसत नाही, म्हणून दोन्ही झाडं तोडायची ठरवली आहेत. पुढं कोय लावू की, असा वर निरोप. हयात शिकवण्यात गेली आणि घरचाच विद्यार्थी नापास.

खोबऱ्या गेला की तो आंबा पुन्हा होणे नाही. कलमासाठी त्याची काडी आणून मी दोनदा रोपावर बांधली, दोन्ही वेळा वाळली. मला जमतं ते भेट कलम. कुंडीतलं रोप झाडाजवळ न्यायचं, रोपाची आणि फांदीची साल तासायची आणि दोन्ही एकमेकांना बांधायची. पण सांधा जुळेपर्यंत, म्हणजे दसऱ्यापर्यंत, झाड उभं पाहिजे. आमचे हे गेल्यापासून मला कुठेच चैन पडत नाही. खोबऱ्या चिरला की हे ओसरीवर बसलेत असं वाटतं. तो वास मला हवा आहे, म्हणून ते झाड हवं आहे.

५. नानासोंना मी काहीही देत नाही. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये म्हणतात, आणि मला त्यांची सही हवी आहे. सहीच्या निमित्ताने तरी वाचतील.

इथवर लिहिलं आणि ध्यानात आलं, मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात. तोवर झाडाच्या फळ्या झालेल्या असतील! अकराची एस.टी. अजून मिळेल. आंब्याच्या रोपांच्या कुंड्या पोत्यात घालून निघते. सही तिकडेच करीन.

६. (कडेगाव, दुपारी.) शेप्या आडवा झाला होता. लाकूडतोड्या गुंडा खोबऱ्याकडे वळत होता. मी बुंध्याशी कुंड्या ठेवल्या, फतकल मारून बसले आणि कागद नानासोंच्या हातात दिला. त्यांनी सगळा वाचला, टर्पिनांसकट.

"वैनी, उसाचं निस्तं निमित्त हाय," ते म्हणाले. "दादा गेला तवापासनं ह्या झाडाचा आंबा माझ्या घशाखाली उतरंना. म्हणलं, डोळ्यांम्होरनं जाऊ दे एकदाचं."

मला रागवायचं होतं, ते राहूनच गेलं. मी सुतळी काढली. त्यांनी फांदी वाकवून धरली आणि मी बांधत गेले.

बांधून झाल्यावर त्यांनी एक कलम मागितलं. ते मृत्युपत्रातून दिलं तर त्यांची सही बाद व्हायची, म्हणून दसऱ्याला माझ्या हातानेच देईन. तोवर मला मरायला सवड नाही.

ठिकाण: लिहिलं सांगलीत, सही कडेगावच्या बांधावर
दिनांक: १४ जून १९९७

(सही) विजयमाला लालासाहेब घार्गे

साक्षीदार, माझ्यासमक्ष सही करणारे:
१. नानासो यशवंत घार्गे, कडेगाव
२. गुंडा बिराप्पा सरगर, लाकूडतोड्या, आजचं काम अर्धवट सोडून