भागल्यावर वाढतं कसं?

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
१९ मे २०२४

आदरणीय सुकेशनी मॅडम यांस,

सप्रेम नमस्कार. की जयभीम लिहावं? या एका ओळीपायी दोन कागद वाया गेले. दोन्ही गोड मानून घ्या.

घरची मंडळी खुशाल असतील. आम्ही बरे आहोत. नळाला आठव्या दिवशी पाणी येतं आणि आम्ही राहतो चौथ्या मजल्यावर. तुमच्या करमाडला टँकर सुरू झाल्याचं ऐकलं. प्लॉटिंगचे बोर्ड म्हणे थेट शाळेच्या मैदानाला येऊन टेकलेत. प्यायला पाणी नाही आणि माणसं घरं घेतायत, मला तर काही कळेनासं झालंय.

मी दिपालीचा आजोबा. तुमच्या संध्याकाळच्या ऑनलाइन वर्गात माईक सारखा चालू ठेवणारी पोरगी, तीच. मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून ती बसते. कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून मी दाराआड खुर्ची टाकतो.

बुधवारी तुम्ही अपूर्णांकांचा भागाकार घेतलात. अर्धा भागिले पाव, उत्तर दोन. मीही मास्तर होतो. चौतीस वर्षं हेच शिकवलं, दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा. पावकी, निमकी, दिडकी मला झोपेतून उठवलं तरी म्हणता येतात. पण दिपालीनं विचारलं, "मॅडम, भागल्यावर वाढतं कसं?" मला माहीत नव्हतं हो! उलटं का करायचं, हे चौतीस वर्षांत मी स्वतःला विचारलंच नव्हतं. कुणी पोरानं विचारलंच तर "शहाणपणा नको" म्हणून खाली बसवायचो.

तुम्ही हसलात. "अगं, पाणी वाढलं नाय, तांब्या लहान हाय. अर्ध्या घागरीतून पाव घागरीचा तांब्या किती येळा भरल, येवढंच इचारलंय."

एवढंच? मी स्वयंपाकघरात जाऊन मापं घेऊन बसलो. सून ओरडली, "मामा, आठ दिसाचं पाणी हाय, खेळता काय?" दोनच तांबे भरले. पुन्हा केलं. पुन्हा दोन.

परत येऊन बसलो तर तुम्ही पोरांना सांगत होतात, "मला पाचवीत लई चांगले गुरुजी भेटले. निवासी शाळेच्या परीक्षेचा माझा अर्ज त्यांनी सोताच्या हातानं भरला. तालुक्याला हरवला, त्याला ते तरी काय करणार?"

तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. आता मॅडम लिहिणं जमायचं नाही. सुकेशनी, तो मीच. रामप्रसाद गुरुजी.

अर्ज मी भरला, हे खरं. फोटोही मीच चिकटवला. उन्हाळ्याचं सांगत होतो ना, त्या २०१२ सालीही असंच पाणी आटलं होतं, शाळा सुटायच्या आत पोरं टँकरकडे पळायची... किती टाळू? अर्ज हरवला नव्हता. तो तालुक्याला गेलाच नव्हता.

त्याच आठवड्यात मी सराव चाचणी घेतली. तू चारही भागाकारांची नुसती उत्तरं लिहिलीस, एकही पायरी नाही. शेजारी प्रणय बसायचा. मला वाटलं, त्याचं बघून उतरवलं. खरं सांगू? तुमच्या वस्तीतल्या, घागर घेऊन टँकरमागं पळणाऱ्या पोरीला पायऱ्या न मांडता उत्तर येईलच कसं, असं मनात आलं. आम्ही मेंढरांमागं फिरलेली माणसं. आम्हालाही लोकांनी असंच जोखलं होतं. तरी मला तसं का वाटलं, ते आजही उमगत नाही. अर्ज मी कपाटात ठेवला आणि तुला काहीच बोललो नाही.

चार दिवसांनी प्रणयचा पेपर तपासला. त्याची चारही चुकलेली! मग तू उतरवलंस कुठून? तोवर अर्जाची तारीख उलटून गेली होती. तुझे वडील, कडुबा, विचारायला आले तर तोंडातून निघून गेलं, "तालुक्याला गहाळ झाला." ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या गुरुजी, तुमी तरी किती करनार आमच्यासाठी." वर हॉटेलात नेऊन मला चहा पाजला. आणि मी तो प्यालो.

तू आपल्या बळावर मास्तरीण झालीस. त्या शाळेत गेली असतीस तर आज कुठं असतीस, हे गणित मला कुठल्याच रीतीनं सुटत नाही. हे पत्र माफीसाठी लिहितोय की ओझं उतरावं म्हणून, तेही सांगता येत नाही. वर्गात हात वर करून तुला सांगावं, असंही वाटलं. पण पोरांसमोर हिंमत झाली नाही.

एक मात्र कर, पोरांना माझं कौतुक सांगू नकोस. काय घडलं ते नाव घेऊन सांग. दिपाली ऐकेल, ऐकू दे. तिला मात्र वर्गातून काढू नकोस. हे मागायचा मला हक्क नाही, तरी मागतो.

काल तिनं मला विचारलं, "आबा, तुमी बी मॅडमच्या गुरुजींसारखेच होता का?"

मी म्हणालो, "व्हय."

हे खोटं मला मागं घेता येईना. तू घे.

कळवायला बारा वर्षं उशीर केलेला,
तुझा अर्ज ज्यानं पाठवला नाही, तो
रामप्रसाद