बाबांची टर्की

शनिवार, २९ नोव्हेंबर
टेकडीवरच्या घरातून, व्हरमाँट

प्रिय थीयाताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार, आणि सोबत एक गंभीर तक्रार.

थँक्सगिव्हिंगला तू आली नाहीस. गुडघ्याची शस्त्रक्रिया हे कारण मला मान्य आहे. पण त्यामुळे डब्यातली क्रॅनबेरी जेली काढायचं तुझं काम माझ्यावर आलं. ती डब्याच्या वळ्यांसकट, अखंड बशीत उतरली पाहिजे, हा आपल्या घरचा सनातन नियम. माझ्या हातून तिचे दोन तुकडे झाले. शेजारच्या व्हर्नाकाकू भोपळ्याचं गोड सारण भरून भाजलेला 'पंपकिन पाय' घेऊन आल्या होत्या. त्यांनी ते भग्नावशेष निरखले आणि म्हणाल्या, "एवढा शिकलास रे लाइल, आणि डबा उपडा करता येईना?" जन्मभर कॉलेजात संस्कृत शिकवल्याचं हे फळ.

असो. फोनवर आपलं ठरलं होतं: बाबांनी यंदाची टर्की कुणाच्या मदतीशिवाय नीट केली, तर हा हिवाळा त्यांना या घरात एकटं राहू द्यायचं. नाही जमलं, तर मी त्यांना माझ्याकडे गावात न्यायचं. तुला निकाल हवा आहे. देतो, पण आधी टर्की. तिच्याबद्दल घाईत लिहिणं हा प्रमाद होईल.

परवा सकाळी उठून पाहतो तर बाबा आईचा निळा एप्रन बांधून ओट्याशी उभे. आई गेल्यापासून तो खुंटीवरच होता. मीठ चोळून ठेवलेली टर्की समोर. बाबांनी मऊ लोणी बोटांवर घेतलं आणि कातडीखालून आत सारत नेलं, कुठेही न फाटू देता. तेच हात, ज्यांना हल्ली शर्टाची बटणं सापडत नाहीत. मग पाव, कांदा, सेलरी आणि सेजच्या सुगंधी पानांचं सारण तिच्या पोटात भरलं. चव घेतली नाही, नुसता वास घेतला, अजून चिमूटभर मिरपूड टाकली. आणि टर्की भांड्यात चक्क पालथी ठेवली.

मी मनात म्हटलं, संपलं.

"बाबा, छाती वर असते ना?"

"तुझ्या त्या मेलेल्या भाषेत टर्कीला शब्द आहे का?"

"नाही."

"मग गप्प बस."

दर अर्ध्या तासानं ओव्हनचं दार उघडायचं आणि पळीनं वितळलेलं लोणी तिच्यावर सोडायचं. यज्ञातली तुपाची धार मी शेकडो वेळा वर्गात समजावून सांगितली आहे. ती माणसाला का सोडावीशी वाटली असेल, हे मात्र परवा कळलं. दुपारपर्यंत तो वास जिन्यानं वर गेला, पडद्यांत बसला. काकू बोलायच्या थांबल्या, यावरून काय ते समज.

शेवटी बाबांनी दोन टॉवेल हाताशी गुंडाळले आणि ती धगधगती टर्की एका झटक्यात उताणी केली. छाती आता वर, रसानं तुडुंब. पुन्हा थोडा वेळ आत, रंग येण्यापुरती. बाहेर आली तेव्हा आम्ही तिघंही उभे राहिलो. मुद्दाम नव्हे, राहिलो खरं. मधाच्या रंगाची कातडी, अजून चुरचुरत असलेली. म्हणजे पालथी ठेवणं ही चूक नव्हतीच, विद्या होती, मीच अडाणी.

जेवणाआधी प्रत्येकानं आभार मानायचे. बाबा म्हणाले, "भूक लागली आहे, त्याबद्दल आभार. आता खा." त्यांनी सुरी चालवली, ती कुठेही अडली नाही. छातीचे काप ओलसर आणि मऊ. तंगडीचं मांस हाडावरून आपण होऊन सुटलं. कातडी दाताखाली काचेसारखी फुटली. भांड्याच्या तळच्या रसाची ग्रेव्ही मी चमच्यानं नुसतीच प्यायलो. ताई, पन्नाशी उलटल्यावर जेवताना माझे डोळे भरून आले. काकू बाबांना म्हणाल्या, "ऑरिन, माझ्या नवऱ्यानं आयुष्यभर मला टर्की म्हणून भुसा खायला घातला!" बाबा लाजले. खरंच लाजले.

तेव्हा निकाल: उत्तीर्ण.

इथं सही करून पाकीट बंद करणार होतो. केलं नाही.

लोणी सोडण्याच्या दोन पाळ्या मी केल्या. बाबा जागेवर नव्हते. पहिल्यांदा वाटलं, न्हाणीघरात असतील. दुसऱ्या वेळी मागचं दार उघडं दिसलं. ते कुंपणापाशी बर्फात उभे होते, शर्टावर, पायात घरातल्या सपाता. हातात मक्याची बादली. आपण शाळेत असताना जिथं टर्क्यांचं खुराडं होतं, तिथं. ते पाडल्याला किती वर्षं झाली, तुला माहीत आहे. जिभेनं टक टक करत ते दाणे टाकत होते.

मला पाहून म्हणाले, "आज येतच नाहीत रे. कुणाचं तरी कुत्रं मोकळं सुटलं असणार."

मी म्हणालो, "येतील. आधी आत चला, लोणी घालायची वेळ झाली."

"अरे, हो की!" म्हणाले, आणि लगबगीनं आत आले. पुढचं सगळं त्यांनी केलं, मी वर लिहिलं तसंच. त्यात एक अक्षर खोटं नाही.

त्यांचे पाय मी टॉवेलानं पुसले, तेव्हा ते निळे पडले होते. त्यांना थंडी जाणवलीच नव्हती.

ताई, मी घरात नसतो तर ते तिथंच उभे राहिले असते. मला याची भीती वाटते. त्यांना इथं एकटं ठेवता येणार नाही, आणि हे त्यांच्या तोंडावर सांगायचं बळ माझ्यात नाही. चालता येऊ लागलं की ये. तोवर मी इथून हलत नाही. त्यांना सांगितलंय, उरलेली टर्की संपवायला थांबलोय.

तुझी वाट पाहणारा,
लाइल